खाणीच्या पाण्याला लावलेलं विरजण

त्सोनाने तपासणीची कागदी पट्टी पाण्यात बुडवली, वर काढली आणि तिच्याकडे बघून तोंडातल्या तोंडात एक सणसणीत शिवी हासडली. पट्टी लालच. काल लाल, परवा लाल, गेला सव्वा महिना लाल. हिरवी व्हायचं नाव नाही.

गोर्ना लेशा गावाच्या डोक्यावर खाणीच्या गाळाचा डोंगर आहे. वारा सुटला की तो पिठासारखा उडतो, म्हणून गाव त्याला पिठाचा डोंगर म्हणतं. त्याच्या पायथ्याशी यंदाच्या उन्हाळ्यात चाळीस पावलं लांबीचा एक खड्डा खणला होता. आत चुनखडीचे दगड, शेण, लाकडाचा भुसा आणि वरून गवताच्या पेंढ्या. डोंगरातून झिरपणारं नारिंगी पाणी एका टोकाने आत शिरेल आणि दुसऱ्या टोकाने शहाण्यासारखं स्वच्छ होऊन लेशा नदीला मिळेल, असं कागदावर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ते आत जायचं तसंच बाहेर यायचं. फरक एवढाच की त्याला आता शेणाचा वास यायचा.

त्सोना या खड्ड्याची राखणदार होती. सकाळ-संध्याकाळ पट्टी बुडवायची, रंग वहीत लिहायचा आणि कोणी आत काही टाकत नाही ना ते पाहायचं. तशी पाटीच लावली होती, मोठ्या अक्षरांत: खड्ड्यात काहीही टाकू नये. पगार यथातथाच होता, पण फुकट करायला सांगितलं असतं तरी त्सोना आली असती. त्याचं कारण तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

बहात्तर वर्षांच्या या बाईने तरुणपणी खाणीच्या कारखान्यात चोवीस वर्षं काढली होती. दगड दळायचा, त्यातलं शिसं-जस्त काढून घ्यायचं आणि उरलेला गाळ नळाने वर सोडून द्यायचा. हा गाळ सोडायचं काम तिच्याकडे होतं. खाण बंद होऊन तीस वर्षं झाली, मालक गेले, यंत्रं भंगारात गेली, गाळ मात्र जागचा हलला नाही. पाऊस पडला की लेशा गंजाच्या रंगाची व्हायची. याच नदीत त्सोनाने लहानपणी आईबरोबर घोंगड्या धुतल्या होत्या, दगडांखालचे खेकडे धरले होते. ही नदी आपण मारली, असं तिला वाटायचं, आणि जेवताना मधेच आठवलं की ती ताट बाजूला सारायची.

म्हणून ती लाल पट्टी तिच्या जिवाला लागली होती.

"आजी, लाल?" मागून ओग्न्यानने विचारलं. ओग्न्यान म्हणजे या कामावरचा इंजिनिअर. राजधानी सोफियाहून आलेला, उंच, काटकुळा, चष्म्याला सतत चिखल लागलेला.

"नाही, गुलाबी. तुझ्या लग्नाची पत्रिका छापायला घे."

तो हसला नाही. खड्ड्याच्या कडेला बसला आणि म्हणाला, "एकोणीस दिवस राहिले. राजधानीतून तपासणीच्या मॅडम येणार, नमुना घेणार. पाणी पास झालं तर पुढचे चार खड्डे आणि डोंगरावर मातीचं पांघरूण, सगळं मंजूर. नापास झालं तर हा खड्डा बुजवायचा आणि घरी जायचं. परत कोणी येणार नाही इकडे."

"पण बिघडलंय कुठे? दगड आहेत, शेण आहे."

"आत जिवाणू असतात, आजी. डोळ्यांना न दिसणारे. ते पाण्यातलं जस्त-शिसं पकडून खाली बसवतात. आहेत ते शेणात, पण वाढतच नाहीत. थंडी पडलीय, आणि खायला जे हवं ते मिळत नसावं. झोपलेत."

त्सोनाने हातातली पट्टी खिशात घातली आणि या शिकल्यासवरल्या पोराकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"एवढंच? मग विरजण लाव की."

"काय?"

"चांगलं दही घाल आणि वरून घोंगडीने झाक. उबेला ठेवलं की सकाळपर्यंत लागतं. तुझ्या आईने तुला हेही शिकवलं नाही?"

आता मात्र ओग्न्यान हसला, अगदी चष्मा काढून हसला. "आजी, हे दही नाही हो. ही रसायनाची प्रक्रिया आहे. कृपा करून आत काही टाकू नका. एक थेंबसुद्धा नाही. मॅडमना प्रत्येक गोष्टीचा हिशेब द्यावा लागतो."

त्सोनाला राग आला. तो हसला म्हणून आला आणि त्यापेक्षा जास्त, त्याच्याकडे दुसरा काही उपाय नव्हता म्हणून आला. माणसाने एक तर इलाज करावा, नाहीतर इलाज सांगणाऱ्याला हसू नये. तिने त्याच क्षणी ठरवून टाकलं.

अडचण एकच होती. विरजण लावायचं तर अव्वल हवं, आणि गावात अव्वल दही एकाच घरी लागत होतं. रायनाच्या.

आणि रायनाशी त्सोना एकतीस वर्षं बोलत नव्हती. कोणा एकाच्या लग्नात, दोन प्याले राकिया पोटात गेल्यावर, त्सोना भर पंगतीत म्हणाली होती की रायनाचं दही पाणचट असतं. झालं. तेव्हापासून चर्चमध्ये एक डावीकडे उभी राहायची, तर दुसरी उजवीकडे. दुकानात एक आत असली तर दुसरी बाहेर पावाचे भाव वाचत थांबायची. एवढ्याशा गावात असं वैर एकतीस वर्षं टिकवायला सुद्धा मेहनत लागते, आणि दोघींनी ती प्रामाणिकपणे घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्सोनाने डोक्याला धुतलेला रुमाल बांधला आणि रायनाचं फाटक ढकललं.

रायना अंगणात लाल मिरच्यांच्या माळा ओवत बसली होती. तिने वर पाहिलं, परत मिरचीकडे पाहिलं. "कोणी मेलं का?"

"नाही."

"मग तू माझ्या दारात कशी?"

"विरजण पाहिजे."

रायनाने सुई खाली ठेवली. असा दिवस उगवेल अशी आशा तिने कधीच सोडली होती, आणि आता तो उगवला तर तो चवीचवीने खायचा तिचा बेत होता. "माझं? ते तर पाणचट असतं, असं ऐकून होते बाई."

"मी प्यायले होते तेव्हा."

"प्यायल्यावर माणूस खरं बोलतं."

"मी नाही बोलत. मी प्यायले की वाह्यात बोलते, विचार कोणालाही." त्सोनाने एक मोठा श्वास घेतला. "तुझं दही गावात सगळ्यात चांगलं आहे. तेव्हाही होतं. माझा जळफळाट झाला होता, कारण माझ्या नवऱ्याने दोन वाट्या खाल्ल्या होत्या. घे, झालं समाधान?"

रायनाने मिरच्यांची माळ बाजूला सारली. मग नाक पुसत म्हणाली, "एकतीस वर्षं लावलीस हे बोलायला, म्हशी. किती पाहिजे? वाटीभर?"

"दहा किलो."

"अगं बाई! कोणाला पाजतेस?"

त्सोनाने सांगितलं. खड्डा, जिवाणू, थंडी, राहिलेले अठरा दिवस, सगळं. रायनाने मधे एकदाही हसून दाखवलं नाही. उलट तिला ते इतकं सरळ वाटलं की ती म्हणाली, "मग तो इंजिनिअर कसली वाट बघतोय? आणि झाकायला काय नेशील? तुझ्याकडे त्या विटक्या गोधड्या आहेत. थांब, बकरीच्या केसांची घोंगडी देते. ऊब धरते." आणि बादली भरता भरता तिने बजावलं, "हलवून घाल. एका जागी ओतू नकोस. तुझा हात पहिल्यापासून आखडता."

ओग्न्यान दुपारी एक ते तीन गावात जेवायला जायचा. त्या वेळात त्सोनाने आपणच राखायच्या खड्ड्यात, आपल्याच पाटीखाली उभं राहून दहा किलो दही ओतलं. एका जागी ओतलं नाही. मग पेंढ्यांच्या खाली घोंगडी पसरली, वर परत पेंढ्या नीट लावल्या, आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

तिसऱ्या दिवशी पट्टी लाल. पाचव्या दिवशी लाल. वरच्या अंगाला गावाची राकियाची भट्टी पेटली होती, लोक आलुबुखारांची पिंपं घेऊन रांगेत बसले होते, सॉसेज भाजत होते. वाऱ्यावर उकळत्या फळांचा गोड वास यायचा, आणि त्सोनाला त्यातही करमत नव्हतं. नवव्या दिवशी पट्टी किंचित नारिंगी वाटली, पण ते ढगामुळेही असेल म्हणून तिने वहीत लालच लिहिलं.

बाराव्या दिवशी वास सुटला.

वास म्हणजे कसा, तर सडक्या अंड्यांचा. एका अंड्याचा नव्हे, टोपलीभर अंड्यांचा. तो भट्टीपर्यंत पोचला, मग चौकापर्यंत, मग चर्चमध्ये. सरपंच वेल्को नाकाला रुमाल लावून खड्ड्यापाशी आला, नुसताच आत डोकावला आणि "हवामान बदललंय" असं काहीतरी पुटपुटून निघून गेला. एरवी कोंबडी रस्त्यावर आली तरी सभा बोलावणारा हा माणूस. रायना आली, वास घेतला, त्सोनाकडे पाहिलं आणि तीही गप्प. गावात कोणीच काही विचारत नव्हतं, हे त्सोनाला जास्त भीतीदायक वाटलं. सगळ्यांना कळलंय, असं तिच्या मनाने घेतलं. त्सोनाने खड्डा नासवला हे सगळ्यांना माहीत आहे आणि दयेपोटी कोणी बोलत नाही.

दोन दिवस ती जेवली नाही. नदी एकदा मारली होती, आता तिला बरं करायला आलेला एकुलता एक इलाजही आपल्या हाताने मारला. ओग्न्यान तेव्हा दोन दिवस जिल्ह्याच्या गावी गेला होता. तो परत आला त्या सकाळी त्सोना त्याच्या पत्र्याच्या खोलीबाहेर वही आणि चाव्या घेऊन उभी होती.

"बाळा, मी पाप केलंय," ती म्हणाली. "मी आत दही घातलं. तू नको म्हणालास तरी घातलं. सगळं नासलं. वास येतोय बघ. या चाव्या घे."

ओग्न्यानने चाव्या घेतल्या नाहीत. त्याने नाक वर केलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं, आणि चपला न घालताच खड्ड्याकडे धावत सुटला. त्सोना त्याच्यामागे. त्याने पेंढ्या बाजूला केल्या, घोंगडी ओढून काढली, तिच्याकडे क्षणभर अचंब्याने पाहिलं, मग दंडापर्यंत हात आत घातला आणि मूठभर काळाकुट्ट, चकचकीत चिखल वर काढला.

"आजी! हाच तो! हाच वास! अहो, जिवाणू जागे झाले की हाच वास येतो! आणि हे काळं काय आहे माहितीये? हे शिसं! पाण्यातून निघून खाली बसलेलं! मी पावणेदोन महिने या घाणीची वाट बघतोय!" आणि तो काटकुळा पोरगा हातात तो चिखल धरून अनवाणी नाचायला लागला.

त्सोनाने दुसऱ्या टोकाच्या पाण्यात पट्टी बुडवली. हिरवी. कोवळ्या कांद्याच्या पातीसारखी हिरवी.

ती तिथेच दगडावर बसली आणि मोठ्याने रडली. त्याची तिला अजिबात लाज वाटली नाही.

मॅडम ठरल्या दिवशी आल्या. नाव स्तानिमीरा, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. सगळा गाव चीज घातलेल्या गरम बानित्साच्या ताटल्या घेऊन खड्ड्याभोवती जमला होता, जणू बारसंच आहे. मॅडमनी कोणाचं काही खाल्लं नाही. बाटलीत पाणी घेतलं, गाडीतल्या यंत्रात घातलं, तासभर वाट पाहिली. मग भुवया उंचावल्या.

"पाणी पास आहे," त्या म्हणाल्या. गाव ओरडलं. मॅडमनी हात वर केला. "पण मी सही करू शकत नाही. या कागदावर लिहिलेल्या शेणा-भुशाने या थंडीत असं पाणी होत नाही. आत आणखी काहीतरी घातलंय. काय आणि किती, ते मला समजलं पाहिजे. त्याशिवाय पुढचे चार खड्डे मी कशाच्या जोरावर मंजूर करू?"

ओग्न्यानने त्सोनाकडे पाहिलं. त्सोना पुढे झाली. राखणदाराची नोकरी जाणार हे तिला दिसत होतं, पण नदीपुढे नोकरीचं काय घेऊन बसायचं. "मी घातलं. दही. दहा किलो."

मॅडमनी कागदावर आकडेमोड केली. "दहा किलोने या खड्ड्याची जीभसुद्धा ओली होणार नाही. आणखी काय?"

"आणखी काही नाही, देवाशपथ."

मग गर्दीतून रायनाचा आवाज आला. "त्यानंतर रोज एक बादली. मी घातली." सगळ्यांनी वळून पाहिलं. "काय बघताय? हिचा हात आखडता आहे, हिच्यावर कसा भरवसा ठेवायचा? ही संध्याकाळी घरी गेली की मी यायचे."

"रोज?" त्सोना किंचाळली. "माझ्या मागून?"

"तुझ्या पुढून आले असते तर भांडलीस असतीस."

मॅडम लिहीत होत्या. "आता जरा बरं दिसतंय. तरी पुरत नाही. आणखी कोण?"

सरपंच वेल्कोने घसा खाकरला, टोपी काढली, परत घातली. "ते... भट्टीचं जरा. राकिया काढली की आलुबुखारांचा चोथा उरतो ना, तो आपण दरवर्षी पलीकडच्या घळीत सोडतो. यंदा मी रात्री पाटाची फळी थोडी फिरवली. इकडे."

"थोडी म्हणजे?"

"पूर्ण."

"किती चोथा?"

"आता बघा मॅडम, ऐंशी घरं, एकेकाची तीन-चार पिंपं... जिवाणू उपाशी आहेत हे इंजिनिअर गावभर सांगत होता, त्यात दुकानात रायनाकाकू दह्यासाठी बादलीभर दुधाची चौकशी करत होत्या, तेव्हा मला वाटलं, हे जिवाणू नुसतं दहीच का खातील? आपली माणसं काय नुसतं दही खातात?"

आता बांधच फुटला. शाळेतल्या पेनकाबाईंनी कोबीच्या लोणच्याचं पाणी घातलं होतं, दोन पिंपं. पोस्टमनने बायकोला न सांगता मधाची बरणी रिकामी केली होती, आणि हे बायकोला आत्ताच कळलं. पाद्रीबाबांनी थोडं पवित्र जल शिंपडलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं की खड्डा आपल्यामुळेच नासला, म्हणूनच वास सुटल्यावर सगळा गाव चोरासारखा गप्प होता.

"पवित्र जलासाठी माझ्या तक्त्यात रकाना नाही," मॅडम म्हणाल्या, पण त्यांच्या ओठाचा कोपरा हलला होता. "झालं? सगळे संपले?"

ओग्न्यानने चष्मा काढला आणि शर्टाला पुसू लागला. कान लाल झाले होते. "दोन पोती साखर," तो अगदी हळू म्हणाला. "रविवारी. सगळे चर्चमध्ये होते तेव्हा. आईला फोन केला होता, ती म्हणाली, बिचाऱ्यांना काहीतरी गोड घाल."

मग त्सोना हसायला लागली, आणि तिच्यामागे सगळा गाव. मॅडम स्तानिमीराही हसल्या आणि एका हाताने लिहिता लिहिता दुसऱ्या हाताने बानित्साचा तुकडा उचलला. पुढे त्यांनी सगळ्यांना एकेक करून समोर उभं केलं. किती बादल्या, किती मोठी बादली, कोणत्या दिवशी? कोणीच काही मोजलं नव्हतं. अंदाजाने, डोळ्यांनी, हाताला येईल तसं. दोन तास वादावादी चालली. शेवटी बेरीज झाली, कागद भरला आणि मॅडमनी त्यावर सही केली. चारही खड्डे मंजूर. डोंगरावरची माती मंजूर. त्सोनाची नोकरी कायम, अट एकच, की यापुढे जे घालाल ते आधी वहीत लिहायचं.

ऊन उतरायला लागलं तसे लोक पांगले. ओग्न्यान मॅडमना गाडीपर्यंत सोडायला गेला. त्सोना खड्ड्याच्या खालच्या टोकाला बसून राहिली. पाणी पन्हळीतून पडत होतं, काचेसारखं स्वच्छ, आणि खाली लेशाच्या गंजलेल्या पाण्यात एक उजळ पट्टा ओढत जात होतं. रायना आली आणि कण्हत कण्हत तिच्या शेजारी टेकली.

"एवढा आनंदाचा दिवस आणि तोंड का असं?"

त्सोनाने पडत्या पाण्याखाली हात धरला. मग जे तिने तीस वर्षांत नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते बोलून टाकलं. "रायने, ही नदी मी मारली. गाळ सोडायचं काम माझं होतं. चोवीस वर्षं मी सोडत होते."

रायनाने तिच्याकडे पाहिलं, आणि तिला खरोखरच राग आला. "तू? एकटीने? आणि माझा नवरा खाणीतून दगड काढत होता तो काय मिरच्या निवडत होता? वेल्कोचा बाप ट्रक चालवायचा. पेनका तिथे पगार लिहायची. त्या पगारावर आपण सगळ्यांनी घरं बांधली, लग्नं केली. नदी लाल झाली तेव्हा सगळ्या गावाने पडदे ओढून घेतले. मीसुद्धा. आणि ही म्हणे मी एकटीने मारली." तिने मांडीवर थाप मारली. "दही घातलंस तेव्हाही तुला वाटलं, तूच एकटी. नासलं तेव्हाही तूच एकटी. पहिल्यापासून अशीच आहेस, सगळं स्वतःच्याच नावावर हवं."

रायना एवढं टाकून बोलली आणि त्सोनाला ते पहिल्यांदाच आवडलं. छातीवरचं ओझं उतरलं म्हणावं तर तसं नाही, पण आता ते धरायला ऐंशी घरांचे हात होते.

"ट्रक वेल्कोचा बाप चालवायचा, हे मी विसरलेच होते," ती म्हणाली.

"चालवायचा. आणि तोही वाईटच." रायना गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि तिने त्सोनाला हात दिला. "चल. चार खड्डे अजून व्हायचेत. उद्यापासून दूध कोणाकडून किती घ्यायचं, ते ठरवू."

त्सोना तिचा हात धरून उठली, आणि दोघी बोलत बोलत खाली गावाकडे निघाल्या.